बाबांची मूठ

रक्तातलं पोटॅशियम अचूक मोजायचं तर काम मशीनपाशी नाही, पेशंटच्या हातापाशी सुरू होतं. दंडाला पट्टा बांधल्यावर माणूस जोरजोरात मूठ आवळत-सोडत बसला, की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा खोटाच वाढतो. उल्हासनगरच्या लॅबमध्ये इतकी वर्षं मी एकच ओरडत आलेय, "काका, मूठ नका आवळू."

सगळ्यात अट्टल गुन्हेगार मात्र माझ्याच घरात होता. मोरिवलीच्या कंपनीत हयात घालवलेले माझे बाबा. पट्टा बांधला रे बांधला की मूठ सुरू. "बघ, अजून दम आहे हातात!" मधुमेहाने त्यांच्या किडन्या थकल्या होत्या, म्हणून दर महिन्याला चिखलोलीच्या घरीच त्यांचं रक्त काढून मी कामावर जाताना सोबत न्यायची.

त्या मंगळवारी मी घाईत होते, ओरडायचं राहून गेलं. बाबांनी मनसोक्त मूठ आवळून घेतली. लॅबमध्ये आकडा आला सहा पॉइंट आठ. एवढ्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं. आमच्याकडे असा आकडा आला की आधी पेशंटच्या घरी फोन करायचा, शंका-कुशंका नंतर.

आमच्या सिंधी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला. "घर पे फोन किया?"

"मॅडम, मेरे ही पप्पा हैं. मुठ्ठी बहुत दबाते हैं. कल सुबह रिपीट करती हूँ."

"पक्का?"

"पक्का."

परक्या माणसासाठी मी फोनवर घर डोक्यावर घेतलं असतं. पण बाबांची मूठ मला पाठ होती ना! या शहाणपणाचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी घरी येऊन त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "आज पाय जरा जड झालेत गं."

"दिवसभर टीव्हीपुढे बसल्यावर दुसरं काय होणार?" मी म्हटलं. पोटॅशियम वाढलं की पायातलं बळ जातं, हे मी शिकाऊ मुलींना शिकवते.

सकाळी त्यांनी हात पुढे केला तो तळवा उघडा ठेवूनच. बोटसुद्धा हललं नाही. "आज शहाण्यासारखा बसलो की नाही?" मी हसले, सुईच्या जागी कापूस ठेवून चिकटपट्टी लावली आणि निघाले.

लॅबमध्ये पोचताच नमुना मशीनला लावला. सात पॉइंट दोन. मी लगेच घरी फोन लावला. आईने उचलला आणि नुसती रडत राहिली. शेजारच्या काकूंनी फोन घेतला.

घरी पोचले तेव्हा बाबा खुर्चीतच होते. हातावर माझी चिकटपट्टी तशीच होती, आणि तळवा उघडा, मी सांगितलं होतं तसा.