चोरीला गेलेला दांडा

आमचा मामा रहस्यकथा लिहितो, आणि त्याला आमचं गाव जबाबदार आहे. इथे पूर्वी जकात नाका होता. आधी कर भरा, मग रस्त्यावरचा आडवा दांडा वर. एके दिवशी पहाटे दांडाच गायब! चोर काही सापडला नाही. तेव्हापासून प्रत्येक घर छातीठोकपणे सांगतं, की तो आमच्याच आजोबांनी नेला. शिंप्याचे आजोबा, वाण्याचे आजोबा, अगदी आमचे पणजोबासुद्धा, ज्यांना उभ्या जन्मात स्वतःची खाट उचलता आली नाही.

हेच ऐकत मामा वाढला. मग त्याच्या पहिल्या कादंबरीत दुसरं काय होणार? गुप्तहेर चौकशीला गेला की जो तो मिशीला पीळ देत म्हणतो, खून मीच केला. प्रकाशकाने बाड परत पाठवलं. अहो, गुन्हेगार नाही म्हणतो, तसं लिहा, नाहीतर छापणं विसरा, असं वर सुनावलं. मामाचं तोंड एवढंसं झालं. कचेरीतून दमून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वर्षानुवर्षं लिहिलं होतं बिचाऱ्याने. आणि नाही म्हणणारा माणूस त्याने पाहिलाच नव्हता. मामी म्हणाली, रडत काय बसलात, गावात शोधा.

हा खरंच निघाला. घरोघरी तीच फुशारकी. शेवटी कंटाळून न्हाव्याच्या खुर्चीत बसला आणि सहज विचारलं, तुमचे आजोबाही त्यात होते ना?

वस्तरा थांबला. "आमच्या घरातलं कोणी नव्हतं त्यात."

मामा आरशात त्याच्याकडे बघतच राहिला. न्हाव्याने उगाच वाटीतलं पाणी बदललं. मग म्हणाला, "नाक्यावरच्या पहारेकऱ्याची नोकरी गेली त्यापायी. आजीचा सख्खा भाऊ तो. मरेपर्यंत ती आजोबांशी बोलली नाही."

मामाला हवा तो माणूस मिळाला होता, पण ही गोष्ट मागायची कशी? अर्धी दाढी तशीच, साबण वाळलेला. शेवटी नाव-गाव बदलून लिहू का, असं त्याने विचारलं.

न्हाव्याने वाळलेल्या साबणावर पुन्हा ब्रश फिरवला. "लिहा," तो म्हणाला, "पण चोराने मेहुण्याची माफी मागितली, असं लिहा."

मामाने तसंच लिहिलं. पुस्तक निघालं, हातोहात खपलं, मामी तर आठवडाभर मिरवत होती. न्हाव्याने प्रत घरी नेली. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांचं सगळं लहानपण त्या अबोल्यात गेलं होतं. माफीचं पान ऐकून झाल्यावर ते म्हणाले, पुन्हा वाच.