रिपोर्ट निगेटिव्ह, औषध चालू

लेकीला दमा. त्यामुळे आमच्याकडे तिला ताप आला की सगळे आधी तिच्या छातीकडे बघतात, थर्मामीटरकडे नंतर. त्या दिवशी ताप, खोकला, आणि दम्याचा पंप देऊनही छातीत सूं सूं चालूच. उचललं आणि जवळच्याच बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फ्लूच्या टेस्टसाठी नाकातून स्वॅब घेतला आणि रिपोर्ट यायच्या आतच फ्लूचं औषध लिहून दिलं. ‘‘दमा असलेल्या मुलांत आपण वाट बघत नाही. आजच सुरू करा.’’ घरी येऊन पहिला डोस दिला.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. निगेटिव्ह! कोरोनाने आपल्याला एवढंच तर शिकवलंय, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तीच शेजारी वाटून आल्या. शेजारीण लगोलग दारात. ‘‘निगेटिव है ना? तो बंद करो, गरम पड़ती हैं ये दवाइयाँ.’’ नवऱ्याचा ऑफिसातून फोन, ‘‘थांबव ना मग. उगाच कशाला?’’ मलाही पटलं. बाटली फ्रिजवर ठेवून दिली. पण लेक बसल्या जागी खांदे उचलून श्वास घेतेय, ते काही मला निगेटिव्ह दिसेना.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ‘‘औषध चालूच ठेवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या टेस्टमधून फ्लू कधी कधी निसटतो. आता पंप द्या, आणि धाप कमी नाही झाली तर लगेच इकडे आणा.’’

‘‘अहो, मग टेस्ट केलीत कशाला?’’

‘‘पॉझिटिव्ह आली असती तर तुम्ही हे विचारलं असतंत का?’’

डोंबल! माझं डोकं आणखीच गरगरलं. नसलेल्या आजाराचं औषध पोरीच्या पोटात घातलं तर? आणि असलेल्याचं नाही घातलं तर? पंप दिला, धाप जरा बसली, आणि मी बाटली हातात धरून ओट्याशी नुसतीच उभी.

‘‘रिपोर्ट खोटं बोलतो का गं?’’ सासूबाई मागून.

‘‘मला काय विचारता आई, मी काय लॅब आहे?’’ मी खेकसले. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

औषध मापून लेकीसमोर धरलं. तिने ओठ घट्ट मिटले, मग जरासे उघडून विचारलं, ‘‘आई, मला झालंय की नाही झालंय?’’

‘‘मला नाही माहीत, बाळा. आ कर.’’

तिने लगेच आ केला. मला रडूच आलं.