मी सीट सोडली, मैत्रीण परदेशी निघाली

आज मनाला फार लागलंय, म्हणून इथे लिहितेय.

मेडिकलच्या नीट परीक्षेत मला आणि माझी मैत्रीण सायली हिला, दोघींनाही कमी मार्क पडले. मला आकुर्डीत फिजिओथेरपीची सीट मिळत होती. सायली म्हणाली, "सोड गं ती. दोघी मिळून रिपीट करू." मी पप्पांशी भांडून सीट सोडली.

आज पुस्तकं घेऊन चिखलीला तिच्या घरी गेले, तर तिच्या आईने हातावर पेढा ठेवला. "सायली परवा जॉर्जियाला चाललीये, एमबीबीएसला. तुला बोलली नाही?"

सायली बॅग भरत होती. "कन्फर्म नव्हतं गं," एवढंच म्हणाली. पण बॅगेशेजारी पडलेल्या तिच्या ॲडमिशन फॉर्मवरची तारीख मी सीट सोडायच्या आधीची होती.

तिने खुशाल डॉक्टर व्हावं. मला एका शब्दाने सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं?

पप्पांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही कसं सांगितलं असतं?