साखळी आणि वाळूच्या पिशव्या

ओव्हरसीअरने त्र्यंबकमास्तरांना फसवले. साखळी माझी होती, म्हणून मला ठाऊक आहे.

मी तेव्हा सरकारी कामांना घडीव दगड पुरवत असे. बापाने काही ठेवले नव्हते. दोन बैलगाड्यांवर सुरुवात केली होती. वडवणीच्या रस्त्यावर ओढ्याला पूल होणार होता, त्याचाही दगड माझाच. मास्तर बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, उर्दूतून गणित शिकवत आणि घरी यंत्रशास्त्राची वही मराठीत लिहीत. एकदा दारात येऊन त्यांनी बैलाची साखळी मागितली.

"कावून पायजे, मास्तर?"

"टांगायची हाय."

"कोणाला?"

"तिलाच."

काय करता ते मला दाखवायचे, या बोलीवर मी ती दिली. फुकट मी कुणाला काही देत नसे.

त्यांनी ती भिंतीवर दोन खिळ्यांना अडकवली. "एकेका कडीचा ताण मोजत बसलात तर म्हातारे व्हाल. सगळ्या साखळीचं वजन एकदम बघा. ते मिळून जितकं खाली जाईल तितकं गेलंय. हलवून बघा." मी मधली कडी खाली ओढली. "मधे उतरली, पण बाजू वर गेल्या. एकूण वजन चढलंच. ते काम तुमच्या हातानं केलं. सोडा आता." साखळी जागेवर आली.

"हलवून बघा" हे ते खाटेला, दाराला, पोरांच्या उत्तरालाही म्हणत. "घरात एक वस्तू गप उभी राहू देत न्हाईत," असे त्यांची बायको म्हणे.

हाच बाक उलटा केला की दगडी कमान होते, हे त्यांनीच मला सांगितले. पण कमानीवर माती येणार, कडेला जास्त, मधे थोडी. म्हणून जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून, त्याच प्रमाणात वाळू भरून त्यांनी त्या कड्यांना टांगल्या. बाक बदलला, मधे सपाट झाला. तो त्यांनी कागदावर उतरवला आणि प्रत्येक कडीपाशी वजन लिहिले. पुलाच्या कामावरच्या ओव्हरसीअरला त्यांच्या घरी मीच नेले. त्याने कागद वरच्या साहेबांना दाखवतो म्हणून मागितला.

"नक्कल ठेवा," मी म्हणालो.

"कशाला? साखळी हाय की. तिला पुन्हा इचारू."

पुलाच्या जागी ओव्हरसीअरने मास्तरांकडून आणलेली माझीच साखळी दोन खांबांना बांधली आणि नुसतीच टांगून माप घेतले.

"साहेब, पिशव्या?" मी विचारले.

"मदाऱ्याचा खेळ लावलाय का बे? साखळी तीच हाय ना?"

मी गाडीवानाला दगड उतरवायला सांगितले. दगड पास करणे त्याच्या हातात होते.

कमान उभी राहिली. वर माती भरू लागले तेव्हा कमानीच्या बाजूचे दोन्ही खांदे दबले, मधला भाग उचलला गेला आणि सगळे ओढ्यात आले. माणसे बाजूला होती, वाचली. चौकशीत ओव्हरसीअरने सांगितले, आकार मास्तरांचा. कागद त्याने काढलाच नाही.

मी पिशव्यांचे सगळे मराठीत सांगितले. चौकशीच्या मुन्शीने ते उर्दूत लिहिले, खाली मी मोडीत सही केली. सौद्यात न वाचता मी कधी सही केली नव्हती. त्या दिवशी केली. पुढे त्या जबानीची नक्कल उर्दू येणाऱ्या एकाकडून वाचून घेतली. साखळी माझी, आकार मास्तरांचा, एवढेच होते तिच्यात. पिशव्या नव्हत्या.

मास्तरांची नोकरी गेली. ते सिरसाळ्याला मेव्हण्याकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर वही घेऊन बसले होते. जबानीचे सांगितले, तर म्हणाले, "तुमी बोललात ना? मग झालं." मी त्यांच्यावर खूप ओरडलो. त्यांनी पान उलटले. दुसऱ्या वर्षी ते वारले. मी गेलो, बसलो, परत आलो. काही वाटले नाही, अजूनही वाटत नाही.

सरकारी कागदात आजही तो पूल त्र्यंबकमास्तरांनी पाडला असे आहे. ओव्हरसीअरला बढती मिळाली. मुन्शी बीडलाच राहतो, रोज दिसतो. माझ्या तोंडचे शब्द कुणाच्या सांगण्यावरून गाळले, हे त्या दोघांपैकी एकाने चारचौघांत, मास्तरांचे नाव घेऊन सांगावे. मी विचारतो आहे. उत्तर द्या.