परत पाठवलेला शिधा

आंबागडला शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न होतं. काकू शेतकऱ्याघरच्या, आणि आमचं घर छप्पनला बौद्ध झालेलं. गावची रीत अशी की आम्हाला पंगतीचं बोलावणं नसायचं, सूपभर कोरडा शिधा यायचा. तो घ्यायचा आणि मांडवाबाहेर उभं राहून अक्षता टाकायच्या.

काकू स्वतः सूप घेऊन आल्या. बाबा जंगलखात्यात नोकरीला, तत्त्वाला पक्के. इतके पक्के की घरात कधी कधी आम्हाला श्वास घ्यायला जागा उरत नसे. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, पंगतीत पान मांडा, आमी येतो. हे वापस न्या."

काकूंचे डोळे भरून आले. त्यांच्या मुलीला तान्हेपणी माझ्या आईनंच न्हाऊ घातलं होतं, आणि आईला तिचं लग्न पाहायचं होतं. बाबांचं म्हणणं मला पटत होतं, तरी त्यांची लाज वाटली. एक दिवस तत्त्व खुंटीला टांगलं असतं तर काय बिघडलं असतं? आई त्यांना तेच म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही.

दिवेलागणीला काकू पुन्हा आल्या आणि थेट चुलीजवळ बसल्या. पंगत घरच्या पुरुषांच्या हातात, तिथं आपलं काही चालत नाही, पण मी तुमच्याकडे जेवते, म्हणाल्या. आईनं वाढलं. काकू भात आणि वांग्याची भाजी पोटभर जेवल्या. बाबांचा चेहरा असा खुलला, जणू सगळ्या गावानंच त्यांचं ऐकलं.

जेवण झाल्यावर काकू ताट धुवायला उठल्या. बाबांनी घाईनं अडवलं. आमच्या घरी पाहुणा ताट धुवत नाही, म्हणाले.

"असू द्या भाऊ," काकू सहज बोलून गेल्या. "बाई आमच्याकडं चहा पेते, तं कप धुऊनच ठेवते ना."

बाबांनी आईकडे पाहिलं. "तू धुते?"

"धुते," आई म्हणाली. "पोरगीबी धुते."

मी मान वर केली नाही. आपण काय बोलून बसलो हे काकूंना उमगलं, आणि त्या ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बाबा अंगणात जाऊन बसले.

सकाळी ते आईला म्हणाले, तुला लग्नाला जायचं तर जा, मी अडवत नाही. मांडवात वाजंत्री सुरू झाली तरी आई चुलीपुढून उठली नाही. मी तिला हलवलं.

"आता कोन्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली.