तुमचं इथे कोण आहे?

ज्या प्रश्नावर माझ्या आईला अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला, तो प्रश्न मीच शिकवलेला होता. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. सांगायला लागले की आवाज चढतो आणि नवरा म्हणतो, "पुरे आता." पुरे कसं होईल?

पुण्यात मी शाळेत मराठी शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे हॉलंडमध्ये, हेगजवळच्या झूटरमेरला आले आणि पहिली काही वर्षं प्रत्येक सरकारी कागदावर माझी ओळख 'जोडीदार' एवढीच राहिली. मग डच शिकले आणि घरीच मराठीच्या शिकवण्या सुरू केल्या. विद्यार्थी म्हणजे आपल्याच लोकांची मुलं, मराठीत विचारलेल्याचं डचमध्ये उत्तर देणारी. त्यांच्यात एके दिवशी एक अमेरिकन बाई आली. पन्नाशीची, परराष्ट्र सेवेतली अधिकारी. हेगमधली तिची मुदत संपत आली होती आणि पुढची नेमणूक मुंबईला होती, व्हिसाच्या खिडकीवर. तिचं सरकार तिला मराठी शिकवणारच होतं, पण तिला आधीपासून तयारी करायची होती.

दर शनिवारी सकाळी ती ट्रॅमने यायची. माझ्या जेवणाच्या टेबलावर वही उघडून 'ळ' घोटायची. घोटता घोटता स्वतःबद्दल सांगायची. दर तीन वर्षांनी देश बदलायचा. घर सरकारी, सोफासुद्धा सरकारी, आणि कुठल्याही देशात गेलं तरी सोफा तोच. चौथ्या बदलीला नवरा म्हणाला, मी येत नाही, आणि तो आलाच नाही. वडील तिकडे अमेरिकेत वृद्धाश्रमात होते. फोनवर कधी ओळखायचे, कधी तिला नर्स समजायचे. मला ती आवडायची. नोकरी सोडून दुसऱ्याच्या बदलीमागे जाणं काय असतं ते मला माहीत होतं, तरी मी तिच्या नवऱ्याच्या नाही, तिच्याच बाजूची होते.

एका शनिवारी तिने मुलाखतीत विचारायच्या प्रश्नांची यादी आणली. त्यात एक प्रश्न असा होता, की भारतात तुमचे कोणते बंध आहेत. म्हणजे घर, नोकरी, माणसं, जे तुम्हाला परत आणेल असं काहीतरी. तिने शब्दकोश बघून भाषांतर केलं होतं, "भारताशी आपले कोणते संबंध आहेत?"

मला हसू आलं. "असं विचारलंस तर म्हातारी माणसं घाबरतील. त्यांना वाटेल पोलीस चौकशी आहे."

"मग कसं विचारू?"

"घरच्यासारखं विचार. 'तुमचं इथे कोण आहे?'"

तिने ते वहीत लिहून घेतलं, चार वेळा म्हणून दाखवलं. मी तिचा हेल सुधारला. 'कोण'वर जोर नको, हळू, मायेने. मी तिला हेसुद्धा शिकवलं, की वयस्कर बाईला 'मॅडम' नको, 'आजी' म्हण. ती खूश झाली. मी तर जास्तच खूश झाले. माझी मराठी एका सरकारी खिडकीवर जाऊन बसणार होती.

ती मुंबईला गेली. दिवाळीला तिचा मेसेज आला, लोक तिचं मराठी ऐकून हसतात आणि मोकळं बोलतात. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला होता.

माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याचे कागद असे अडकलेले, की एकदा देशाबाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. वडील गेले तेव्हाही तो येऊ शकला नाही. त्याने फोनवर अंत्यविधी पाहिला. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. तेव्हा आई म्हणाली, "तो येत नाही ना, मग मी जाते." सत्तरी ओलांडलेली बाई, फॉर्म भरून, फोटो काढून, पुण्याहून गाडी करून मुंबईला मुलाखतीला गेली. मुलाखत मराठीत द्यायची आहे, असं तिने तिथे सांगितलं.

दुपारी तिचा फोन आला. "नाही म्हणाले गं."

"काय विचारलं?"

"फार काही नाही. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार. बाई गोरी होती, पण मराठी किती गोड! आजी म्हणाली मला. मग विचारलं, 'तुमचं इथे कोण आहे?'"

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, हे गेले, मुलगी हॉलंडला, मुलगा तिकडे. इथे आता माझं कोणी नाही."

त्या बाईने "माफ करा, आजी" म्हणून पासपोर्ट परत दिला होता. आईला अजूनही कळलं नव्हतं तिचं काय चुकलं. ती मलाच विचारत होती, "इतक्या प्रेमाने विचारलं, मग नाही का म्हणाली?"

मी काय सांगणार होते? नवरा गेलेल्या बाईला, मुलं परदेशी असलेल्या बाईला, मायेने विचारलं की तुमचं इथे कोण आहे, तर ती घराचा उतारा आणि बँकेची ठेव सांगत नाही. ती मनातलं सांगते. शब्दकोशातला तो रुक्ष प्रश्न विचारला असता तर आई सावध झाली असती. तिने फ्लॅट सांगितला असता, साताऱ्याची बहीण सांगितली असती, सोसायटीतल्या मुलींना संस्कृत शिकवते ते सांगितलं असतं. मी तिची सावधगिरीच काढून घेतली होती.

त्या बाईला मी त्याच संध्याकाळी मेसेज केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, नम्र, सरकारी. कुणाच्याही अर्जाबद्दल ती बोलू शकत नाही. आईसाठी वाईट वाटतं. पुन्हा अर्ज करता येईल.

भावाला मुलगी झाली, दोन महिने आधी. आई पुण्यात फोन धरून बसली होती. काचेच्या पेटीतलं ते बाळ तिने पडद्यावर पाहिलं.

वर्षभराने ती बाई कामासाठी हेगला आली आणि मला भेटायला बोलावलं. स्टेशनजवळच्या कॅफेत आम्ही बसलो. ती थकलेली दिसत होती. तिचे वडील गेले होते. ती खिडकीवर असताना फोन आला, रांग संपवून ती निघाली आणि पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी "वाईट झालं" म्हटलं, आणि मला खरंच वाईट वाटलं. पण मी त्यासाठी आले नव्हते.

"माझी आई तुझ्या खिडकीवर आली होती. ती तूच होतीस का?"

तिने कपाकडे पाहिलं. "असेन. मला खरंच आठवत नाही. एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. चेहरे राहत नाहीत."

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून जास्त संताप आला. माझ्या आईला त्या बाईच्या कानातले मोतीसुद्धा आठवत होते.

"तो प्रश्न चुकीचा आहे," मी म्हटलं. "मी चुकीचा शिकवला. तू बंधांबद्दल विचारतेस आणि त्यांना ऐकू येतं, तू एकटी आहेस का. आणि जी खरं बोलते ती नापास होते. तो प्रश्न बंद कर."

"मी आता मुंबईत नाही. पुढची नेमणूक आफ्रिकेत आहे. फ्रेंच शिकतेय." मग म्हणाली, "पण ती यादी फार उपयोगी होती. जाताना मी नव्या लोकांना दिली."

मी उठले. आवाज इतका चढला होता की शेजारच्या टेबलावरची डच जोडी वळून पाहायला लागली. "मग त्यांना लिही! आज लिही. सांग त्यांना, की हे वाक्य ज्या बाईने दिलं, ती परत मागतेय."

ती म्हणाली, "लिहीन." लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही आणि तिनेही कळवलं नाही.

आईने दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी मी रोज व्हिडिओ कॉलवर तिची उत्तरं करून घेतली. फ्लॅट, बहीण, संस्कृतचा वर्ग, परतीचं तिकीट. एकही गोष्ट खोटी नव्हती. तरी आई तिसऱ्या दिवशी भडकली.

"म्हणजे मी एकटी आहे, हे सांगायचं नाही?"

"नाही, आई."

"ह्यांना गेलेलं सांगायचं नाही?"

"विचारलं तर सांग. आपणहून नको."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "विचार पुढचं."

खिडकीवर या वेळी एक तरुण अधिकारी होता. त्यानेही तेच विचारलं, तेच माझं वाक्य. आईने पाठ केलेलं सगळं क्रमाने सांगितलं. तो हसला, म्हणाला, छान प्रवास करा. तीच आई, तीच कागदपत्रं, तोच रिकामा फ्लॅट. मी फोनवर आनंदाने ओरडायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर हात आपटला. नवरा धावत आला, त्याला वाटलं पुन्हा नाकारलं.

आई भावाकडे पाच महिने राहिली. नात चालायला लागली होती, आजीला आधी घाबरली, मग सोडेना. निघताना भाऊ म्हणाला, आणखी महिनाभर राहा, मुदत आहे. आई म्हणाली, "तारीख सांगितली आहे मी त्या व्हिसावाल्यांना." आणि ठरल्या दिवशी ती परत आली. विमानतळावरून एकटीच टॅक्सी करून पुण्याला गेली, कुलूप काढलं, पंखा लावला आणि मला फोन केला.

"आले गं परत. आता त्यांना कळवायचं का कुठे?"

मी तिला सांगितलं, असं कळवायची सोय नसते.