बाविसावा आठवडा

लव्हॉन क्रान्त्सने आमच्या शबॉयगन गावात शाळेची पिवळी बस एकोणतीस वर्षं चालवली, आणि तेवढ्या वर्षांत एकाही पोराला बेसबॉलबद्दल चुकीचं बोलून बसमधून उतरू दिलं नाही. मी न्हावी. माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण मला खेळातलं शिकवतो, त्यामुळे शिकवणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. लव्हॉनपुढे मात्र मी गप्प बसायचो, कारण तिला खरंच कळायचं.

आमची बारा जणांची लीग होती. दर मार्चमध्ये पिना पाडायच्या बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत तळलेले मासे खात आम्ही देशातले खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचो. मैदानावर घाम ते गाळणार, आकडे आमच्या नावावर जमणार. लव्हॉनचा एक संघ, तिच्या नवऱ्याचा, डेलबर्टचा, दुसरा. डेलबर्ट ओतशाळेत नळ ओतून निवृत्त झालेला. खेळायला बसायचा तो केवळ बायको बसते म्हणून, आणि दरसाल तळाला असायचा.

सतरा वर्षं आमचा हिशेब एकाच पद्धतीने चालला. पाच खाती फलंदाजीची, पाच पिचिंगची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची. होमरन सगळ्यांत जास्त ज्याच्या संघाचे त्याला बारा गुण, दुसऱ्याला अकरा, असं करत शेवटच्याला एक; बरोबरी झाली तर दोघांत गुण वाटून. दहाही खात्यांचे गुण मिळवायचे, आणि हे सगळं एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या एकूण आकड्यांवर. त्यात कमावलेलं कुठे जात नाही. जिंकणाऱ्याचं नाव हॉलच्या भिंतीवरच्या फळीवर पितळी पट्टीत कोरलं जायचं. लव्हॉन तीनदा दुसरी आली. त्या फळीवर आपलं नाव लागावं ही एकच हौस ती उघडपणे बोलून दाखवायची.

मग अठराव्या वर्षी काही जणांना नवी पद्धत हवी झाली. दर आठवड्याला दोघादोघांची गाठ. खाती तीच दहा, पण समोरच्याला ज्या खात्यात मागे टाकलं तो एक विजय. बावीस आठवड्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ. नंतर वरच्या चौघांच्या बाद फेरीच्या लढती, आणि तिथे पाटी कोरी. आधीच्या बावीस आठवड्यांत काय दिवे लावलेत ते कुणी विचारत नाही. लव्हॉनने कडाडून विरोध केला, मीही केला. बदलाला सात मतं लागत होती. सहा झाली होती. सातवा हात डेलबर्टने वर केला. लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आपला मासा खात राहिली. घरी गेल्यावर त्याचं काही खरं नाही, असं म्हणून आम्ही हसलो.

जूनमध्ये तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ती पलंगावर पडून रेडिओवर सामने ऐकायची आणि दर सोमवारी दुपारच्या आत, त्या आठवड्यात कोणाचे आकडे धरायचे आणि कोण राखीव ते ठरवून, स्वतः संघ लावायची. एकविसाव्या आठवड्यात ती पहिल्या नंबरावर होती. त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ती गेली.

बावीस आठवडे संपले तेव्हाही पहिली तीच होती, आणि बाद फेरीत पहिलीच्या समोर चौथा येतो. चौथा मी होतो.

आमच्यात एक रीत आहे. समोरच्याने संघ लावला नसेल तर सोमवारी सकाळी त्याला फोन करायचा. मी केला. लव्हॉनचा संघ तिने शेवटचा लावला तसाच होता. त्यातल्या एका पिचरचा खांदा गेला होता, दुसऱ्याला विश्रांती दिली होती. दोन चांगले पिचर राखीव बसून होते.

"डेल, दोघांना बदल," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

"तिने लावलाय, असू दे."

"अरे, हरशील."

"तिने लावलेल्याला मी हात लावणार नाही."

माझेही दोन पिचर बाहेर बसवावेत असं मनात आलं होतं. पण हे डेलबर्टला कळलं तर तो आयुष्यात माझं तोंड बघणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. फळीवर माझंही नाव नव्हतं. मी सहा-चारने जिंकलो आणि पुढच्या आठवड्यात अंतिम लढत दहा-शून्याने हरलो. तोंडात मारल्यासारखं झालं, आणि ते योग्यच झालं.

ऑक्टोबरात मी वर्षभराचे आकडे घेऊन जुन्या पद्धतीने हिशेब मांडला. लव्हॉन पहिली, सत्त्याण्णव गुण. कागद घेऊन मी डेलबर्टकडे गेलो. बाकीचे सगळे तयार आहेत, तिच्या नावाची पट्टी लावू, असं सांगितलं. त्याने चष्मा लावून कागद वाचला.

"साडेसत्त्याण्णव," तो म्हणाला. "चोरलेल्या बेसच्या खात्यात तुझी नि तिची बरोबरी आहे. तिचा अर्धा गुण विसरलास तू."

म्हणजे त्याने आधीच मांडून ठेवलं होतं. पट्टीला त्याने साफ नकार दिला. ज्या नियमाने खेळलो त्याने ती हरली, दयेची पट्टी तिला चालली नसती, म्हणाला. मला राग आला. मी नको ते विचारून बसलो.

"मग हात कशाला वर केला होतास तेव्हा?"

त्याने कागदाची घडी घातली.

"जुन्या पद्धतीत ती वर असायची, मी तळाला. सतरा वर्षं आमची गाठच नाही पडली रे. नव्यात दोन आठवडे तरी फक्त ती आणि मी. मला तेवढंच हवं होतं. पहिली गाठ अकराव्या आठवड्यात होती. त्याच आठवड्यात तिचा रिपोर्ट आला. आकडे कोण बघणार? ती म्हणाली, हा धरायचा नाही, बाविसाव्यात बघते तुला."

बाविसाव्या आठवड्यात काय झालं, असं मी विचारलं.

"तिचा संघ तिने लावला तसाच राहिला, मीही माझा एकही खेळाडू हलवला नाही," डेलबर्ट म्हणाला. "बसून राहिलो दोघं आठवडाभर, समोरासमोर."